मानस

पुस्तकातल्या माणसांना मानस म्हटलं की मन आठवतं.
आमच्या चोडणात ते एक लाकडी दार,
नदी आणि खाजन यांच्यामधल्या बांधात बसवलेलं.
भरती पाण्याच्याच रेट्यानं मिटवते त्याला,
ओहोटी उघडते.
तेवीस वर्षं मी त्या मानशीवर होतो,
हे मला माहीत आहे.

चवथीनंतरच्या आठवड्यात फळी बदलताना
पाय सरकला, डोकं चिऱ्यावर.
रक्त नाही. टेंगूळ, लिंबाएवढं.
कायतान सांगतो, मी उठून बसलो, विडी मागितली,
ओढून संपवली,
आणि पुन्हा तीच विडी मागितली.
मग फेरी, रायबंदर, बांबोळी.
डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडात धरली.
म्हणाल्या, सगळं जागच्या जागी आहे.
नुसता हादरा.

आहेच जागच्या जागी.
तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो,
अष्टमीला सहा, झोपेतून उठवून विचारा.
जाळं लावताना हात मला विचारत नाहीत.
चोणकूल कुठल्या कोपऱ्यात दडतं, कोरगुटाला किती खार सोसतो,
सगळं.
फक्त माझ्या गोष्टींत मी नाही.

लग्न झालं: मये, वैशाख, एकोणनव्वद साल.
खतखत्यात तिरफळं जास्त पडली म्हणून मामा रुसला.
हेमावती सांगते आणि मी मान हलवतो,
शेजारच्या गावच्या बातमीला हलवावी तशी.
डोळे मिटले की एक नवरदेव दिसतो, पाठमोरा,
फोटोवाला उभा असेल तिथून.
त्याच्या अंगात शिरता येत नाही.

प्रचिती झाली त्या रात्री फेरी बंद होती.
होडी मीच वल्हवली म्हणे.
तळवे बघतो.
तळव्यांवर इतके फोड येऊन गेलेत,
त्यातला तो कुठला?
'तेव्हा कसं वाटलं, बाबा?' लेक विचारते.
'पाण्यापेक्षा तुझ्या आईची भीती वाटली.'
ती गप्प होते.
गेल्या महिन्यात हे वाक्य तिनंच मला दिलेलं.

माहीत असणं आणि आठवणं यात फरक काय,
हेमावतीनं एकदा विचारलं, तांदूळ निवडताना.
माशाचा भाव ठाऊक असणं, मी म्हणालो,
आणि हुमण जेवलेलं असणं.
त्या दिवशी तिनं हुमण केलं. तिखट, पुष्कळ.
बिचारी.

परवा अमावास्येची ओहोटी.
दार कुरकुरत सुटलं, चिखलाचा वास वर आला,
आणि मी मांडवामागे बसलो होतो.
नवा बूट काढून.
बूट चावला होता.
नारळ खवणाऱ्या म्हाताऱ्यानं कातळी पुढे केली,
'खा रे, बसूंदी लोक वाट पळयत.'
खोबरं गोड होतं. कानामागे मुंडावळ्यांचा दोरा टोचत होता
आणि मोती डोळ्यांसमोर हलत होते,
आतून.
मला ते आतून दिसत होते.

कायतान ओरडला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात होतो.

घरी येऊन सांगितलं.
'असेल,' हेमावती म्हणाली, 'मी तेव्हा आत होते.'
आल्बममध्ये म्हातारा नाही.
मामा गेला, मांडववाला गेला.
आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलंच होतं,
मेंदू आपली भोकं आपणच बुजवतो,
बांधाला चिखल थापावा तसा, कुठूनही उचलून.
म्हणजे हा चिखल असेल.
चिखल गोड लागतो का खोबऱ्यासारखा,
हे विचारायचं राहिलं.

रात्री दिवा घालवल्यावर ती म्हणाली,
'कुठल्या पायाला चावला होता?'
'डाव्या.'
इतकं पटकन, की दोघंही दचकलो.